स्कीमातली मोकळी जागा

ऑनलाइन दुकानात साडीला पोत असतो, कॅमेऱ्याला मेगापिक्सेल. सर्च इंजिनाच्या स्कीमात फील्ड लिहिणार तरी किती?

२००४ मध्ये योनिक सीलीने सीनेट कंपनीसाठी सोलर लिहायला घेतलं. २००६ मध्ये ते अपाचेकडे गेलं. त्यातली तोड साधी: फील्डच्या नावाला 'अंडरस्कोर आय' अशी शेपटी असेल तर पूर्णांक, 'अंडरस्कोर एस' तर स्ट्रिंग.

२०१० मध्ये आलेलं इलास्टिकसर्च पहिली व्हॅल्यू बघूनच टाइप ठरवतं. पहिल्या शर्टाचा साइझ ४२ आला आणि दुसऱ्याचा 'एक्सएल', की दुसरं डॉक्युमेंट नापास! शिवाय प्रत्येक नवी की म्हणजे नवं फील्ड. म्हणून २०१६ मध्ये हजार फील्डची मर्यादा आली. २०१९ च्या 'फ्लॅटन्ड' टाइपने सगळ्या की एकाच फील्डमध्ये घेतल्या, पण आकडेही शब्दांसारखे... म्हणजे १० हे ९ च्या आधी!

थोडक्यात, टाइप कधीतरी ठरवावाच लागतो. आधी ठरवलेला स्वस्तात पडतो, इतकंच.