रात्री ९ वाजून २० मिनिटं

३० एप्रिल १९०८, गुरुवार, रात्र. टिळकांच्या खटल्याच्या निकालाला ८३ दिवस

मुजफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी एका घोडागाडीवर बॉम्ब टाकतात. नेम किंग्जफर्ड या न्यायाधीशावर असतो, पण गाडीत असतात केनेडी नावाच्या वकिलाची पत्नी आणि मुलगी. दोघींचाही जीव जातो. बंगालमधल्या या स्फोटाचा पुण्याच्या छापखान्याशी काहीएक संबंध नाही. पण सरकारला तो संबंध जोडायचा आहे आणि त्यासाठी लागणारं कलम अडतीस वर्षांपासून तयार आहे.

१२ मे, मंगळवार. ७१ दिवस

‘केसरी’त ‘देशाचे दुर्दैव’ हा अग्रलेख येतो. संपादक टिळक हत्येचं समर्थन करत नाहीत. तरुण या टोकाला का गेले, हे ते विचारतात आणि सरकारच्या हट्टी, दडपशाहीच्या कारभाराकडे बोट दाखवतात. ‘केसरी’चा खप तेव्हा वीस हजारांच्या घरात आहे. खऱ्या वाचकांचा आकडा मात्र त्याहून कितीतरी मोठा, कारण गावोगाव एक जण वाचणार आणि ओसरीवर बसलेले दहा जण ऐकणार, अशीच तेव्हाची रीत.

८ जून, सोमवार. ४४ दिवस

एकाच दिवशी दोन कायदे मंजूर होतात. एक स्फोटक पदार्थांचा, दुसरा वर्तमानपत्रांचा. बॉम्ब आणि अग्रलेख सरकारने एकाच टेबलावर ठेवले, यातच सगळं आलं. वर्तमानपत्रांच्या कायद्याने मॅजिस्ट्रेटला थेट छापखाना जप्त करण्याचा अधिकार दिला. हत्येला किंवा हिंसेला चिथावणी देणारा मजकूर दिसला की यंत्रासकट सगळं सरकारजमा.

इथपर्यंत गाडी कशी आली, तेही पाहायला हवं. १८७० साली दंडसंहितेत राजद्रोहाचं १२४-अ कलम घातलं गेलं. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनने देशी भाषांतल्या पत्रांसाठी वेगळा कायदा केला. इंग्रजी पत्रांना त्यातून मोकळीक होती. रिपनने तो रद्द केला. पुढे १८९७ साली टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला झाला. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला सांगितलं की सरकारबद्दल प्रेम नसणं म्हणजेच अप्रीती. टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि १८९८ मध्ये सरकारने कलमाची भाषाच रुंदावून घेतली. वर्गावर्गांत शत्रुत्व पसरवण्याचं १५३-अ हे कलमही त्याच वर्षीचं.

या कलमांचा कणा नीट बघा. लेखामुळे काय घडलं, हे ती विचारत नाहीत. लेख वाचणाऱ्याच्या मनात काय उमटलं किंवा उमटू शकलं असतं, एवढंच विचारतात. म्हणजे गुन्ह्याची जागा वाचकाचं मन.

९ जून, मंगळवार. ४३ दिवस

‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. कायदे मंजूर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी हा अग्रलेख. बॉम्ब कायद्याने थांबत नाही, लोकांना हक्क दिल्याने थांबतो, हा त्याचा गाभा.

मी हे लाखनीत बसून लिहितो आहे. १९०८ साली हे गाव मध्य प्रांतातलं, भंडारा जिल्ह्याच्या साकोली तहसिलीतलं. नागपूरहून रायपूरकडे जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड इथूनच जायचा. मुंबई इलाख्याशी आमचा कारभाराचा संबंध नव्हता, पण मराठीचा होता. टिळकांनी ज्या भाषेत लिहिलं ती इथल्या माणसाला कुणी समजावून द्यावी लागत नव्हती. त्या लेखांनी वाचकाच्या मनात काय पेरलं, हे ठरवायचं होतं तर विचारायला हवं होतं ते अशा माणसांना.

२४ जून, बुधवार, संध्याकाळ. २८ दिवस

टिळक मुंबईत सरदारगृहात उतरलेले. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांच्यावरच्या खटल्यासाठी ते आले आहेत. तिथेच त्यांना अटक होते, मे महिन्याच्या लेखावरून. दुसऱ्या दिवशी पुण्यात गायकवाडवाड्याची झडती. स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावं लिहिलेलं एक कार्ड सापडतं आणि फिर्यादी पक्ष पुढे त्याचं भांडवल करतो. अटकेनंतर तीन दिवसांनी तुरुंगातच जूनच्या लेखावरून दुसरं वॉरंट.

२ जुलै. २० दिवस

महंमद अली जीना जामिनाचा अर्ज चालवतात. समोर न्यायमूर्ती दिनशा दावर. हेच दावर १८९७ मध्ये टिळकांचे वकील होते आणि तेव्हा त्यांनीच टिळकांना जामीन मिळवून दिला होता. आता ते जामीन नाकारतात. सहा दिवसांनी परांजप्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा होते. शेजारच्या कोठडीचं दार बंद झाल्याचा आवाज आपल्यालाही ऐकू यावा, तसा तो निकाल.

१३ जुलै, सोमवार. ९ दिवस

मुंबई हायकोर्टात खटला उभा राहतो. आरोप तीन: दोन्ही लेखांबद्दल प्रत्येकी एक राजद्रोहाचा आणि एक शत्रुत्व पसरवल्याचा. ज्युरी खास, नऊ जणांची. सात युरोपियन, दोन पारशी. मराठी वाचणारा वाचक त्यांत नाही. खटला मराठी लेखांचा, आणि ज्युरीच्या हातात सरकारी भाषांतर खात्याचं इंग्रजी. सगळ्या खटल्यातली ही गोष्ट मला सर्वांत असह्य वाटते. जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकणाऱ्या गुन्ह्याचा पुरावा न्याय करणाऱ्यांना मुळात वाचताच येत नव्हता.

१५ जुलै, बुधवार, दुपारी चारच्या सुमारास. ७ दिवस

टिळक स्वतःच बाजू मांडायला उभे राहतात. सल्ल्याला जोसेफ बॅप्टिस्टांसारखे कायदेपंडित आहेत, पण बोलणार आरोपी. सुटीचे दिवस वगळता हे भाषण पुढच्या बुधवारपर्यंत चालतं, एकूण २१ तास १० मिनिटं.

या खटल्यात ते काय करतात? शब्दाशब्दावर सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतात. आपला लेख हा अधांतरी लिहिलेला नाही, ‘पायोनियर’सारख्या अँग्लो-इंडियन पत्रांशी चाललेल्या वादातलं ते उत्तर आहे, हे दाखवायला ती पत्रंच कोर्टात दाखल करतात. इथेच एक सापळा होता. आरोपीने पुरावा दाखल केला की शेवटचं बोलण्याचा हक्क फिर्यादी पक्षाकडे जायचा. पत्रं दाखल केली नसती तर टिळकांचा युक्तिवाद ज्युरीच्या कानात शेवटचा राहिला असता. दाखल न करावीत तर बचावच लंगडा. त्यांनी पत्रं निवडली.

२२ जुलै, बुधवार, दुपारी साडेबारा. जवळपास नऊ तास

भाषण संपतं. दुसऱ्या दिवशी टिळकांना बावन्न वर्षं पूर्ण होणार आहेत.

अ‍ॅडव्होकेट जनरल ब्रॅन्सन उत्तराला उठतात. एवढ्या तासांच्या भाषणाची ते टर उडवतात आणि ज्युरीला पुन्हा पुन्हा त्या भाषांतराकडे आणि त्या कार्डाकडे नेतात.

संध्याकाळ. चार-पाच तास

कोर्ट उठायची वेळ होते. बाहेर पोलिसांचा बंदोबस्त. आत बसलेल्या सगळ्यांची समजूत अशी की समारोप उद्या. पण दावर खटला आजच रात्री संपवायचं जाहीर करतात. एवढी घाई कशाची होती? मला उत्तर एकच दिसतं: उद्या सकाळी गिरणगाव रस्त्यावर उतरायच्या आत माणूस मुंबईबाहेर हवा होता. ज्युरीपुढे दावर जो समारोप करतात त्याचा कल कुणाच्याही लक्षात यावा असा. तो आरोपीच्या बाजूने नाही.

रात्री ८ वाजून ३ मिनिटं

ज्युरी आतल्या खोलीत जाते.

पुढची ७७ मिनिटं. जे मन तपासायचं होतं, ते वाचकाचं मन या खोलीपासून शेकडो मैलांवर होतं: पुण्यात, साताऱ्यात, वऱ्हाडात, नागपुरात, आमच्या धानपट्ट्यातल्या गावांत. खोलीत होते नऊ जण आणि इंग्रजी कागद. त्यांनी ठरवायचं होतं की मराठी वाचून मराठी माणसाला काय वाटतं.

रात्री ९ वाजून २० मिनिटं

ज्युरी परत येते. तिन्ही आरोपांवर दोषी. सात विरुद्ध दोन.

कौल एकमताचा नव्हता, पण दावर बहुमत मान्य करतात. काही सांगायचंय का, असं टिळकांना विचारलं जातं. ज्युरीचा कौल काहीही असला तरी मी निर्दोष आहे, जगाचा कारभार चालवणारी याहून मोठी शक्ती आहे आणि माझ्या मोकळं राहण्यापेक्षा माझ्या सोसण्याने हे कार्य कदाचित अधिक वाढावं अशी तिची इच्छा असेल, अशा आशयाचं ते बोलतात. आज हायकोर्टाच्या ४६ क्रमांकाच्या दालनाबाहेर हे शब्द दगडात कोरलेले आहेत.

रात्री दहाच्या सुमारास

शिक्षा. राजद्रोहाच्या प्रत्येक आरोपाला तीन वर्षं काळं पाणी, एकामागोमाग एक भोगायची. म्हणजे सहा वर्षं. तिसऱ्या आरोपाला हजार रुपये दंड. शिक्षा सुनावताना दावर या लेखांमागच्या मनाला विकृत म्हणतात. त्याच रात्री टिळकांना बाजूच्या वाटेने बाहेर काढून खास गाडीने अहमदाबादकडे, साबरमती तुरुंगात नेलं जातं. सप्टेंबरात तिथून मंडाले.

२३ जुलैपासून

मुंबईचे गिरणीकामगार संपावर जातात, सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांचा संप. गोळीबार होतो, माणसं मरतात. परदेशात बसलेला लेनिनसुद्धा पुढच्या महिन्यात या संपाची दखल घेतो.

आमच्याकडची पडझड याहून शांतपणे झाली. नागपूर तेव्हा जहाल गटाचा बालेकिल्ला. १९०७ चं काँग्रेस अधिवेशन तिथेच व्हायचं होतं, तणाव पाहून ते सुरतेला नेलं गेलं. नागपुरात मराठीत अच्युत बळवंत कोल्हटकरांचं ‘देशसेवक’ निघायचं आणि हिंदीत माधवराव सप्र्यांचं ‘हिंदी केसरी’. ऑगस्टमध्ये सप्र्यांना अटक झाली. कोल्हटकरांना राजद्रोहाखाली तुरुंगात जावं लागलं. सप्र्यांनी घरच्यांच्या दबावाखाली माफी मागितली आणि ते सुटले. त्या माफीचा त्यांना पुढे जन्मभर त्रास झाला. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. मंडालेत लिहिलेलं ‘गीतारहस्य’ हिंदीत आणलं ते याच सप्र्यांनी.

१९१०

प्रेस अ‍ॅक्ट येतो. नव्या छापखान्याकडून ५०० ते २००० रुपये जामीन मागता येतो. तो जप्त झाला तर पुन्हा सुरू करायला १००० ते १०,०००. टिळकांना शिक्षा द्यायला सरकारला हायकोर्ट, ज्युरी आणि आरोपीचं एकवीस तासांचं भाषण लागलं होतं. आता मॅजिस्ट्रेटचा हुकूम आणि छापखान्याच्या मालकाच्या खिशातली भीती पुरेशी होती. खिळे जुळवायच्या आधीच मालक संपादकाला विचारायचा, हा मजकूर ठेवायचाच का? जे टिळकांनी निदान उभं राहून म्हटलं, ते आता छापलंच जाणार नव्हतं, आणि काय गाळलं गेलं हे साकोली तहसिलीतल्या वाचकाला कळायची सोय नव्हती.