विरंगुळा कोणाचा? : बोकाचियोची बाग आणि तिच्यामागचे स्वयंपाकघर

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्यानंतरच्या पंधरवड्यात आम्हा अध्यापकांना एक सूचना आली : विद्यार्थ्यांना घरी राहून जोपासता येतील असे छंद सुचवावेत. कोणी चित्रकला सुचवली, कोणी बागकाम, कोणी पाककृती. मी साहित्याचा अध्यापक. मला आठवला तो बोकाचियो. १३४८ साली फ्लॉरेन्समध्ये प्लेग पसरलेला असताना दहा तरुण मंडळी शहराबाहेर जातात आणि एकमेकांना गोष्टी सांगून दिवस घालवतात, ही ‘डेकॅमेरॉन’ची चौकट. त्यावर दोन पानी टिपण लिहून मी मुलांना पाठवले आणि शेवटी उपदेशही केला, की आपणही घरातल्या माणसांना रोज एक गोष्ट सांगावी.

दोन दिवसांनी दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. टिपण आवडल्याचे सांगून तिने विचारले, “सर, ते दहा जण गोष्टी सांगत बसायचे तेव्हा स्वयंपाक कोण करत होतं?” प्रश्नात खोच नव्हती. तिच्या घरी दोन खोल्यांत सहा माणसे होती, मोबाईल एकच होता आणि तिन्हीत्रिकाळच्या भांड्यांचा ढीग बहुतेक तिच्याच वाट्याला येत असावा. तौलनिक साहित्याच्या तासाला मी हा ग्रंथ वर्षानुवर्षे शिकवत आलो होतो, पण मला चटकन उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम त्या काळाविषयी. आपल्या ग्रंथाच्या उपोद्घातात बोकाचियोने साथीचे जे वर्णन केले आहे, ते युरोपीय गद्यातील अशा वर्णनांत अग्रगण्य मानले जाते. मार्च ते जुलै या काळात शहरात एक लाखावर माणसे मेली असे तो म्हणतो. आजचे इतिहासकार हा आकडा फुगवलेला मानतात, कारण साथीपूर्वीच्या फ्लॉरेन्सची सारी वस्तीच लाखाच्या आसपास होती. तथापि निम्मे किंवा त्याहून अधिक शहर नाहीसे झाले असावे, याविषयी फारसा वाद नाही. अशा वेळी लोक कसे वागले, हे बोकाचियो वर्गवारी करून सांगतो. काहींनी लहान लहान गट करून स्वतःला घरात कोंडून घेतले. बेताचे पण उत्तम खाणेपिणे, संगीत, आणि बाहेरच्या आजाऱ्यांची वार्ता कानी पडू द्यायची नाही, असा त्यांचा नेम. काही जण उलट गुत्त्यामागून गुत्ते पालथे घालत हिंडले. काहींनी मधला मार्ग धरला; ते हातात फुले, सुवासिक वनस्पती घेऊन, त्या नाकाशी धरत वावरले. आणि काही सरळ शहर सोडून गेले.

यांतील पहिला मार्ग केवळ चैनीचा नव्हता, त्यामागे त्या काळचे वैद्यक होते. आहार, निद्रा, हवा यांप्रमाणेच मनाचे विकार शरीराचे आरोग्य घडवतात किंवा बिघडवतात, अशी गॅलेनच्या परंपरेतील वैद्यांची धारणा होती. भय आणि शोक यांनी शरीर दुबळे होते व रोगाला वाव मिळतो. त्यामुळे फ्लॉरेन्सचा वैद्य तोमासो देल गार्बो याच्या प्लेगविषयक उपदेशात मृत्यूचे चिंतन टाळून मन प्रसन्न ठेवण्याचा सल्ला आढळतो. ग्लेंडिंग ऑल्सन या अभ्यासकाने १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा धागा विस्ताराने उलगडला आहे. गोष्ट ऐकणे ही करमणूक खरी, पण ती औषधासारखी घ्यायची करमणूक होती. २०२० मध्ये ‘सकारात्मक राहा, छंद जोपासा’ असे जे आपल्याला उठताबसता सांगितले जात होते, त्याचे हे जुने कूळ.

आता बागेकडे वळू. सात तरुणी मंगळवारी सकाळी सान्ता मारिया नोव्हेलाच्या चर्चमध्ये भेटतात, तीन तरुण त्यांना येऊन मिळतात आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच ही मंडळी शहरापासून दोन मैलांवरच्या एका प्रासादात जातात. तेथील दिनक्रम आखीव आहे. रोज एक राणी किंवा राजा. सकाळी फिरणे, मग जेवण, गाणे, दुपारची झोप, उन्हे उतरू लागली की हिरवळीवर गोष्टी, आणि रात्री पुन्हा नृत्य-गायन. शुक्रवारी उपासना आणि शनिवारी स्नानादी कर्मे म्हणून त्या दोन दिवशी गोष्टी नाहीत. अशा रीतीने दोन आठवड्यांत दहा दिवसांच्या शंभर गोष्टी होतात.

पहिल्या दिवशीची राणी पांपिनेआ. तिथे बुद्धिबळ आणि सोंगट्यांचे पट मांडलेलेच आहेत. पण खेळात एकाला हरून वाईट वाटते आणि दुसऱ्यालाही त्याचा फारसा आनंद होत नाही, म्हणून गोष्टी सांगाव्यात, असे ती सुचवते. एकाने सांगितलेली गोष्ट सर्वांना मिळते. विरंगुळ्याचा इतका नेमका विचार मी अन्यत्र क्वचितच वाचला आहे.

याच पांपिनेआने गोष्टी सुरू होण्यापूर्वी आणखी एक काम केलेले असते. ती नोकरांना कामे वाटून देते. हे नोकर सात आहेत, आणि बोकाचियो त्या सातांचीही नावे देतो. पार्मेनो हा कारभारी. सिरिस्को खरेदी आणि हिशेब पाहणार. तिंदारो तिघा तरुणांच्या खोल्यांत सेवेला. मिसिआ आणि लिचिस्का स्वयंपाकघरात. किमेरा आणि स्त्रातिलिआ स्त्रियांच्या खोल्या झाडूनपुसून ठेवणार. शिवाय सर्वांना ताकीद अशी, की बाहेर काहीही दिसो वा कानी पडो, आनंदाची नसेल ती वार्ता आत आणायची नाही. ही ताकीद आपण नीट वाचत नाही. तिचा अर्थ असा, की साथीच्या शहराशी संबंध तुटले ते फक्त दहा जणांचे. नोकरांनी पाहायचे, ऐकायचे, आणि ते पोटात ठेवून ताट वाढायचे. दहा जणांची मनःशांती सात जणांच्या मौनावर उभी आहे.

हे मौन एकदाच मोडते. सहाव्या दिवशी गोष्टी सुरू होणार, तोच स्वयंपाकघरातून मोठा गलका ऐकू येतो. लिचिस्का आणि तिंदारो यांचे भांडण जुंपलेले असते. विषय असा, की शेजारपाजारच्या मुली लग्नाआधी खरोखर किती ‘अजाण’ असतात. लिचिस्का कोणालाच आवरत नाही. मुली कशा शहाण्या असतात आणि बायका नवऱ्यांना कसे चकवतात, हे ती तोंड भरून सांगते आणि ऐकणाऱ्या स्त्रियांची हसून पुरेवाट होते. दियोनेओ निकाल लिचिस्काच्या बाजूने देतो. ती आणखी बोलू लागते, तेव्हा त्या दिवशीची राणी एलिसा तिला फटक्यांची धमकी देऊन गप्प करते व आत पाठवते. पण दुसऱ्या दिवसाचा राजा दियोनेओ गोष्टींचा विषय ठरवतो तो नेमका लिचिस्काच्या बोलण्यावरून : बायकांनी नवऱ्यांशी केलेल्या चलाख्या. सातव्या दिवसाच्या गोष्टींचा विषय असा स्वयंपाकघरातून आला आहे. विषय तिचा, वर्तुळात जागा मात्र तिला नाही.

या सातव्या दिवसाशी आपलेही नाते आहे. त्यातील सहाव्या गोष्टीत एकाच वेळी दोन जार घरात आणि दारात नवरा, अशा पेचातून एक स्त्री युक्तीने सुटते. या गोष्टीचे भावंड ‘हितोपदेशा’त आहे, तसेच ‘शुकसप्तती’तही आहे. ‘शुकसप्तती’ मराठीत ‘शुकबहात्तरी’ म्हणून आली, आणि त्याच परंपरेतून बदायूँच्या नख्शबीने १३३० च्या सुमारास फारसी ‘तूतीनामा’ रचला, म्हणजे ‘डेकॅमेरॉन’च्या जेमतेम वीस वर्षे आधी. तिथली चौकट आठवावी : नवरा परगावी गेला आहे आणि पत्नीचे पाऊल घराबाहेर पडू नये म्हणून पोपट रोज रात्री एक गोष्ट सांगतो. बोकाचियो आपल्या प्रास्ताविकात म्हणतो, की पुरुषांना मन रमवायला शिकार, मासेमारी, घोडदौड, व्यापार असे अनेक मार्ग आहेत. स्त्रिया मात्र आईबाप, भाऊ, नवरे यांच्या मर्जीखातर खोल्यांत अडकून पडतात, म्हणून हे पुस्तक त्यांच्यासाठी. पोपट गोष्टीने स्त्रीला घरात ठेवतो. बोकाचियो घरातच ठेवलेल्या स्त्रीला गोष्ट पुरवतो. घरी राहणे ही साथीने आणलेली आपत्ती आहे असे ज्यांना वाटते, ते बहुधा पुरुष असतात, हे या दोन्ही चौकटी शेजारी ठेवल्या म्हणजे ध्यानात येते.

बोकाचियोला हे दिसत नव्हते असे म्हणता येणार नाही. गरीब आणि मध्यम स्थितीतील लोक आशेपायी किंवा दारिद्र्यापायी आपापल्या घरांतच राहिले आणि रोज हजारोंनी आजारी पडले, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. घर तेच, राहणेही तेच. एकाला ते आश्रय ठरले, दुसऱ्याला सापळा. म्हणून गोष्टी सांगू नयेत असे मात्र मला म्हणायचे नाही. त्या दहा जणांनी काही काळ भयावर मात केली, आणि त्यांच्या गोष्टींनी पुढे कित्येक पिढ्यांचे एकटेपण हलके केले. फक्त छंद सुचवणाऱ्याने आधी एवढे विचारावे, की ज्याला सुचवायचा त्याच्या हाती फावला वेळ आहे का, आणि तो कोणाच्या कष्टांतून निघाला आहे.

ग्रंथाच्या शेवटी मंडळी फ्लॉरेन्सला परततात. तिघे तरुण सातही जणींना सान्ता मारिया नोव्हेलापाशी सोडून आपल्या वाटेने जातात, आणि त्या घरोघर परततात. पार्मेनो, सिरिस्को, तिंदारो, मिसिआ, लिचिस्का, किमेरा, स्त्रातिलिआ यांचे पुढे काय झाले, याविषयी एक वाक्यही नाही. हल्ली हा ग्रंथ शिकवताना मी फळ्यावर आधी ही सात नावे लिहितो. गोष्टी सांगणाऱ्या दहा जणांची नावे त्यानंतर.