मागावरचे पत्ते आणि संगणकाचा वर्ग

सुरतेच्या रेल्वे स्थानकापासून थोडे दक्षिणेकडे, रुळांच्या पूर्वेस, लिंबायत ही कामकऱ्यांची वस्ती लागते. भूमी गुजरातची, पण गल्लीत शिरावे तो कानी पडते ती मराठी, आणि तीतही खानदेशची अहिराणी. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरतेहून अमळनेरकडे तापी खोऱ्यातून आगगाडी सुरू झाली आणि पुढे त्याच वाटेने धुळे, जळगाव, नंदुरबारकडची असंख्य कुटुंबे यंत्रमागांच्या आश्रयास आली. सुरत महानगरपालिकेच्या शाळा गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा माध्यमांतून चालतात, त्याचे मूळ अशा स्थलांतरांतच आहे. या वस्तीतल्या माध्यमिक वर्गातील मुलामुलींना संगणकशास्त्र शिकवावयाचे, तर वर्गात साधने कोणती असावीत, या प्रश्नाचा मागोवा आज इतिहासाच्या आधाराने घ्यावयाचा आहे.

साधन म्हटले की यंत्र, ही आपली पहिली समजूत. ती कोठून आली हे पाहण्याजोगे आहे. ब्रिटनमधील बीबीसी या नभोवाणी संस्थेने जनतेला संगणकाची ओळख करून देण्याचे ठरविले, आणि त्या कार्यक्रमासाठी एकॉर्न नावाच्या कंपनीने तयार केलेला छोटा संगणक १९८१ च्या डिसेंबरात बाजारात आला. भाषणे ऐकविणाऱ्या संस्थेने शाळेला यंत्र द्यावे, हा योग मोठा नवलाचा! हीच यंत्रे १९८४ साली आपल्या देशात आली. केंद्र सरकारने ‘क्लास’ या नावाने शाळांतील संगणक साक्षरतेची योजना आखली आणि प्रारंभी सुमारे अडीचशे शाळांची निवड केली. त्या यंत्राची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. आज खिशातल्या फोनवर काढलेले एक छायाचित्रही तीत मावणार नाही. मात्र त्याची कळफलकावरील अक्षरे इंग्रजी, ‘बेसिक’ भाषेतील आज्ञा इंग्रजी आणि त्याच्यासमवेतचे पाठही मूलतः ब्रिटनमधील मुलांसाठी रचलेले.

त्या प्रयत्नाला नावे ठेवण्याचे कारण नाही. कोणीतरी आरंभ करावयासच हवा होता. परंतु तेव्हापासून एक गोष्ट आपल्या मनात घट्ट बसली, ती ही की संगणक बाहेरून येतो, पेटीतून येतो आणि परक्या भाषेत बोलतो. यंत्र जुने झाले की त्याबरोबर त्याचे शिक्षणही जुने होते. कळ कोठे दाबावी हे शिकविणे म्हणजे संगणक चालविणे शिकविणे होय. संगणकशास्त्र शिकविणे नव्हे. विचाराचे लहान लहान आणि निःसंदिग्ध पायऱ्यांत विभाजन कसे करावे, हा त्या शास्त्राचा गाभा आहे, आणि तो पेटीत बंद होऊन येत नाही.

मग तो कोठे सापडेल? लिंबायतच्या मुलासाठी उत्तर फार दूर नाही. सुरतेतील बहुतेक माग साधे कापड विणतात हे खरे. परंतु नक्षीदार कापडाच्या खात्यांत मागाच्या डोक्यावर जेकार्ड बसविलेले असते. जुन्या पद्धतीच्या जेकार्डवर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. पत्त्यावर जेथे भोक असेल, तेथे सुई आत शिरते, तिचा आकडा पात्यावर अडकून राहतो आणि त्याला बांधलेला ताण्याचा धागा वर उचलला जातो. जेथे भोक नसेल, तेथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. मग धोटा मधून धावतो आणि नक्षीची एक ओळ पुरी होते. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच शब्दांत पदरावरचा मोर लिहिलेला असतो.

ही युक्ती फ्रान्समधील ल्यों शहरात जोसेफ मारी जाकार याने १८०४ साली सिद्धीस नेली. त्याआधी बुशाँ आणि फाल्काँ यांनी अठराव्या शतकात तशाच दिशेचे प्रयत्न केले होते. पुढे जाकारचेच एक चित्र रेशमात विणण्यात आले आणि त्यासाठी सुमारे २४,००० पत्ते लागले. त्या चित्राची एक प्रत लंडनच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या संग्रही ठेवली होती. आपल्या नियोजित गणनयंत्राला आज्ञा देण्यासाठी त्याने हेच पत्ते योजिले. एडा लव्हलेस या विदुषीने १८४३ साली त्या यंत्रावर टिपणे लिहिली आणि माग जशी फुले विणतो तसे हे यंत्र बीजगणिताच्या आकृती विणील, अशा आशयाची उपमा दिली. पुढे अमेरिकेत हरमन हॉलरिथ याने १८९० च्या जनगणनेत पत्त्यांवरील भोके यंत्राने मोजली. आणि विसाव्या शतकात कित्येक दशके संगणकांना आज्ञा मिळत होत्या त्या अशाच पत्त्यांवरून.

येथे एक भेद मात्र स्पष्ट केला पाहिजे. माग हा संगणक नव्हे. पत्त्यांची माळ जशी ओवली तशीच तो विणीत जातो. मध्येच थांबून ‘धागा तुटला असेल तर अमुक करीन’ असे जेकार्ड ठरवीत नाही. बॅबेजच्या आराखड्यात मात्र आलेल्या उत्तराप्रमाणे पत्ते पुढे वा मागे नेण्याची सोय होती. ‘जर’ आणि ‘तर’ हे दोन शब्द यंत्राच्या भाषेत आले आणि मागाचा संगणक झाला. हा भेद ज्या मुलाला मागाजवळ उभे राहून कळला, त्याला संगणकशास्त्राचा अर्धा पाया मिळाला असे समजावे.

दुसरे साधन मराठीच्या तासालाच हाती येते. वृत्ते शिकताना मुले ‘यमाताराजभानसलगं’ हे सूत्र घोकतात. लघु आणि गुरू अशी दोनच चिन्हे, तीन अक्षरांचा एक गण, म्हणून गण आठ. एक अक्षर वाढवा, प्रकार सोळा होतात. पाच अक्षरांचे बत्तीस. पिंगलाच्या छंदःशास्त्रात या सर्व प्रकारांची ओळीने मांडणी करण्याची रीत आहे, तिला प्रस्तार म्हणतात, आणि दहाव्या शतकातील हलायुधाने तिच्यावर भाष्य केले आहे. पिंगलाला संगणक ठाऊक होता असा पोकळ अभिमान येथे अभिप्रेत नाही. दोन चिन्हांनी मोजण्याची कल्पना मुलाच्या स्वतःच्या भाषेत आधीच वास करून आहे, एवढेच सांगावयाचे आहे.

टिम बेल, इयान विटन आणि माइक फेलोज या शिक्षकांनी १९९० च्या दशकात यंत्राशिवाय संगणकशास्त्र शिकविण्याचे पाठ रचले. त्यांतील एका पाठात १, २, ४, ८ आणि १६ ठिपक्यांची पाच पाने असतात. पाच मुले ती घेऊन उभी राहतात आणि पान दाखवून किंवा उलटे धरून शून्यापासून एकतीसपर्यंत कोणतीही संख्या सांगतात. मोजून पाहा: प्रकार बत्तीसच! पाच अक्षरांच्या प्रस्ताराशी हा हिशेब तंतोतंत जुळतो. आपल्याकडे आयआयटी मुंबईत श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांसाठी ‘कॉम्प्युटर मस्ती’ ही पुस्तकमाला सिद्ध केली. एसीएम इंडिया या संस्थेने २०१६ साली ‘सीएसपाठशाला’ हा उपक्रम सुरू केला, आणि त्याच्या पाठांतही यंत्राविना करावयाच्या कृतींना मोठे स्थान आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने संगणकीय विचारपद्धतीचा पुरस्कार केला आहे.

याचा अर्थ शाळेला यंत्रे नकोत असा कोणी घेऊ नये. पोहण्याचे शास्त्र फळ्यावर समजते, पोहणे पाण्यातच येते. श्रीमंत मुलांना यंत्र आणि गरिबांना पुठ्ठा अशी वाटणी झाली, तर तो शुद्ध अन्याय होईल. आधी पुठ्ठा, मग यंत्र, आणि दोन्ही मातृभाषेतून, हा क्रम सर्वांनाच लागू असावा.

शेवटी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. मागाच्या खात्यात दोन प्रकारची माणसे असतात: पत्त्यावर भोक कोठे पाडावे हे ठरविणारा आणि त्या पत्त्याप्रमाणे माग चालविणारा. जाकारच्याच ल्यों शहरातील विणकरांना मजुरीच्या दरासाठी १८३१ आणि १८३४ साली उठाव करावे लागले. आज विद्युत जेकार्ड आले आहे, तेथे पुठ्ठा उरला नाही. नक्षी संगणकावर रचली जाते. पण ती दोन माणसे आणि त्यांच्यातील अंतर कायम आहे. केवळ कळा दाबावयास शिकलेला मुलगा बापासारखाच दुसऱ्याचा पत्ता चालवीत राहील. फक्त त्याच्यापुढे मागाऐवजी पडदा असेल. लिंबायतच्या शाळेतील संगणकाच्या तासाचे मोल एकाच कसोटीवर ठरेल: तेथून बाहेर पडणाऱ्या मुलीला किंवा मुलाला स्वतःचा पत्ता स्वतः पाडता येतो की नाही.