सुईचे दत्तकविधान

जुन्या घराण्याची कैफियत लिहिणारा कारकून मूळ पुरुषाच्या नावापाशी येऊन अडला, की त्याची लेखणी बहुधा थेट सूर्यवंशाकडे वळते. ॲक्युपंक्चर या नावाने आज जगभर ओळखल्या जाणाऱ्या सूचिचिकित्सेच्या अभिमान्यांनीही नेमके हेच केले आहे. पाच हजार वर्षांपूर्वी चीनच्या पीतसम्राटाने आपल्या वैद्याशी संवाद केला आणि तेव्हापासून ही विद्या आजतागायत अखंड चालत आली, असे जे सांगण्यात येते, त्यातला सम्राट पुराणातला आहे आणि अखंडत्व त्याहूनही काल्पनिक आहे. दफ्तरे आणि थडगी यांची साक्ष घेतली म्हणजे दिसते ते असे, की हा वंश कैकदा खुंटण्याच्या बेतास आला, दर वेळी परक्या घरी दत्तक जाऊन तगला, नव्या घरी त्याचे गोत्र बदलले, देवक बदलले. बदलले नाही ते एवढेच, की त्याला दार उघडणारा बहुधा कोणीतरी कंबर धरलेला, गुडघे आखडलेला, सगळी औषधे करून थकलेला रोगीच होता.

हूनान प्रांतात चांगशा शहराजवळ मावांगद्वेई येथे १९७२ ते १९७४ या काळात जी थडगी उकरण्यात आली, त्यांपैकी एक इसवी सनापूर्वी १६८ या वर्षी बंद झालेले होते, आणि त्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे ग्रंथ निघाले. त्या ग्रंथांत शरीरातून धावणाऱ्या अकरा वाहिन्यांचे वर्णन आहे, आणि आपल्या दवण्याच्या जातीतल्या एका वनस्पतीची वाळवून कुटलेली लव अंगावर जाळून शेक कसा द्यावा, तेही आहे. सुईचा मात्र शब्दही नाही. उलट, हबेई प्रांतात मानचंग येथे इसवी सनापूर्वी ११३ मध्ये मरण पावलेला लिऊ शंग नावाचा राजपुत्र ज्या थडग्यात हरितमण्यांचे चिलखत घालून निजला होता, तेथे सोन्याच्या चार आणि चांदीच्या पाच सुया सापडल्या. म्हणजे वाहिन्यांची कल्पना आणि शेक ही थोरली भावंडे, सुई धाकटी. या दोन थडग्यांच्या मधल्या काळात छी संस्थानच्या सरकारी कोठाराचा एक अधिकारी, छुन्यू यी, वैद्यकी करीत असे. त्याने सादर केलेली पंचवीस रोग्यांची हकीकत सिमा च्येन या इतिहासकाराने जशीच्या तशी जपून ठेवली, आणि टोचून केलेल्या उपचारांचे अत्यंत जुने विश्वसनीय उल्लेख त्या कोठावळ्याच्या जबानीत मिळतात.

पीतसम्राटाच्या नावावर जो ग्रंथ चालतो तो यानंतर, अनेक हातांनी, सुमारे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिद्ध झाला असावा. त्यात नऊ प्रकारच्या सुया सांगितल्या आहेत. परंतु त्यांतल्या काहींना सुई म्हणणे हा औदार्याचाच प्रकार आहे, कारण एक तर तलवारीच्या पात्यासारखी असून गळवातला पू काढण्यासाठी आहे, आणि दुसरीने रक्त काढावयाचे. केसासारखी बारीक सुई ही त्या नवांतली एक, आणि तिच्याकडे काम सोपवले आहे ते सांधे नि स्नायू यांत घर करून बसलेल्या वेदनेचे. वाहते ते अडले की दुखते, आणि अडसर निघाला की दुखणे थांबते, हा त्यामागचा सिद्धान्त. आपल्या वैद्यांच्या वातविचाराशी परिचय असलेल्या वाचकाला तो फारसा परका वाटू नये. एवढ्यावरून सूचिचिकित्सा मूळची आपलीच, असे ठरवून टाकणारे विद्वान आपल्याकडे आहेत. पण सुश्रुतसंहितेत शिरावेध आहे, अग्निकर्म आहे, आणि यांपैकी कशालाही ताणून सुईच्या घराण्यात बसवता येत नाही. शेजाऱ्याची वंशावळ आपल्या नावावर करून घेण्याइतके आपले घर दरिद्री नाही.

तिसऱ्या शतकात ह्वांगफू मी नावाच्या पंडिताला वातव्याधीने ग्रासले, अंग लुळे पडले, कानांनी ऐकू येईना. आणि स्वतःच्या देहासाठी म्हणून त्याने जुने ग्रंथ चाळावयास घेतले, त्यांतून सुई आणि शेक यांचा पहिला सुसंगत कोश निर्माण झाला. पुढे १०२७ च्या सुमारास सुंग सम्राटाच्या आज्ञेने वांग वेईयी याने काशाचे दोन पुरुषाकार पुतळे ओतवून घेतले, ज्यांच्या अंगावर टोचण्याच्या प्रत्येक जागी बारीक छिद्र होते. परीक्षेच्या दिवशी पुतळ्यावर मेणाचा लेप देऊन छिद्रे बुजवीत आणि आत पाणी भरीत. उमेदवाराने सांगितलेल्या जागी सुई खुपसावयाची, पाणी आले तर उत्तीर्ण, सुई काशावर आपटली तर घरी. वैद्यकाच्या परीक्षेची इतकी निःसंदिग्ध पद्धत पुढे कोणत्या विद्यापीठाने काढल्याचे मला ठाऊक नाही. मात्र यातून सिद्ध होत असे ते विद्यार्थ्याला छिद्र माहीत आहे एवढेच. तेथे टोचल्याने रोग्याचे दुखणे जाते की नाही, हे काशाच्या पुरुषाला विचारता येत नव्हते, आणि तो प्रश्न पुढली नऊशे वर्षे कोणी नेटाने विचारलाही नाही.

जपानात या घराण्याची जी शाखा गेली, तिचा कर्ता पुरुष आंधळा होता. सतराव्या शतकातील सुगियामा वाइची याला गुरूने मंदबुद्धी म्हणून घालवून दिले, तो एनोशिमा बेटावरील देवीला शरण गेला, आणि तेथे ठेच लागून पडला असता गुंडाळलेल्या पानात पाइन वृक्षाचे सुईसारखे टोकदार पान त्याच्या हाती लागले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका राहो, त्याने चालू केलेली युक्ती मात्र खरी आहे आणि आजही अनेक दवाखान्यांत दिसते. सुईहून किंचित आखूड अशी एक नळी कातडीवर उभी धरावयाची, तीत सुई सोडावयाची, वर डोकावणाऱ्या टोकावर बोटाने हलकी टिचकी मारावयाची. कातडी भेदली जाते ती नकळत, कारण भोवतीच्या नळीचा दाब टोचणे झाकून टाकतो, आणि मग नळी काढून सुई बोटांनी फिरवीत खोल नेतात. डोळ्यांवाचून काम करणाऱ्यास ही नळी डोळ्यांच्या ठिकाणी झाली, आणि अंध वैद्यांची एक मोठी परंपराच तिच्यावर उभी राहिली.

याच जपानात, नागासाकीनजीकच्या देजिमा बेटावर, डच कंपनीचा वैद्य विल्हेल्म टेन र्‍हाइन १६७४ मध्ये येऊन राहिला. येदोच्या वाटेवर एका शिपायाने तहानेच्या भरात गार पाणी पिऊन पोटशूळ ओढवून घेतला, मद्य आणि आले यांनी गुण येईना, तेव्हा तो उताणा निजला आणि श्वास रोखून, हातोडीने सुई ठोकत, स्वतःच्याच पोटात चार ठिकाणी टोचून मोकळा झाला, हे या डच वैद्याने डोळ्यांनी पाहिले. संधिवातावरील त्याचा लॅटिन प्रबंध १६८३ मध्ये लंडनला छापला गेला, आणि त्यातून या विद्येची वार्ता युरोपास पोहोचली. दत्तक घेण्याची हौस मात्र तेथे सव्वाशे वर्षांनी उपजली. फ्रान्समध्ये लुई बेर्लिओझ (संगीतकार बेर्लिओझचे वडील) यांनी १८१० मध्ये प्रयोग आरंभले. लंडनमध्ये चर्चिल नावाच्या शल्यवैद्याने १८२१ मध्ये पुस्तक काढले, त्यातली सारी मदार कंबरदुखी आणि संधिवात यांवर. आणि नियतीचा विनोद असा, की त्याच सुमारास, १८२२ मध्ये, पेकिंगला दावग्वांग सम्राटाच्या फर्मानाने राजवैद्यशाळेतील सुई-शेकाचा विभाग बंद करण्यात आला, कारण बादशहाच्या देहाला टोचणे आणि भाजणे शोभत नाही असे ठरले. थोरल्या घरी सनद जप्त झाली ती वेळ आणि परघरी नाव चढले ती वेळ, यांत जेमतेम वर्षाचे अंतर होते.

युरोपीय दत्तकपुत्राला कुळाचार कोणी शिकवला नाही. वाहिन्या नाहीत, नाडीपरीक्षा नाही. जेथे दुखते तेथे टोचा, एवढेच. विल्यम ऑस्लर यांच्या १८९२ च्या सुप्रसिद्ध वैद्यकग्रंथात कंबरेच्या उसणीवर हा उपाय सांगितला आहे आणि खास सुई नसल्यास बायकांच्या टोपीच्या टाचण्या निर्जंतुक करून चालतील, असेही. माँट्रियल येथे पीटर रेडपाथ नामक साखरसम्राटावर ऑस्लरांनीच तो केला असता म्हाताऱ्याने दर टाचणीला शिव्यांची एकेक माळ ओवली आणि लंगडत आला तसाच लंगडत गेला, ही कथा ऑस्लरांच्या चरित्रात आहे. तेथल्या विद्यापीठास मिळू पाहणारी देणगी त्याबरोबर गेली, अशी ऑस्लरांचीच खंत.

चीनमध्ये विद्येचा जीर्णोद्धार झाला तो विसाव्या शतकात, आणि तोही पाठदुखीच्या दारातूनच. च्यांगसू प्रांतातील चंग दानआन हा तरुण वैद्य कंबरेच्या असह्य वेदनेने आडवा झाला असता त्याच्या वडिलांनी सुयांनी त्याला उभे केले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. त्याने १९३० नंतर पाठशाळा काढली, जपानची वारी केली, रक्त काढणे सोडून दिले, टोचण्याच्या जागा शरीरशास्त्राच्या नकाशावर नव्याने मांडल्या आणि मोठ्या सुयांऐवजी बारीक सुई प्रमाण मानली. आज जिला अतिप्राचीन म्हणून नमस्कार केला जातो ती पद्धती बरीचशी या गृहस्थाच्या हातची आहे. दुसरी दत्तकमाता जू ल्येन ही पाश्चात्य वैद्यक शिकलेली साम्यवादी बाई. वेढ्यात सापडलेल्या मुलखात औषधे नव्हती आणि सुया होत्या, या निकडीतून तिने सैन्याच्या वैद्यांना ही विद्या शिकवली, आणि १९५१ मध्ये तिचा ग्रंथ निघाला. त्यात भाषा मज्जासंस्थेची आहे, पीतसम्राटाची नव्हे.

येथे या कुळकथेत दोन मराठी नावे यावयाची, पण लोक समजतात त्या मार्गाने नव्हे. १९३८ च्या सप्टेंबरात मुंबईहून चीनला निघालेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. कोटणीस १९४२ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांचे कर्तृत्व शल्यवैद्याचे, आणि सूचिचिकित्सेचे श्रेय त्यांच्या पदरी बांधणे म्हणजे त्या कर्तृत्वाला उगाच ठिगळ लावणे होय. सुई आणली ती त्यांच्याच पथकातील कलकत्त्याच्या डॉ. बिजयकुमार बसूंनी, पुढे पुन्हा चीनला जाऊन, १९५९ च्या सुमारास. आणि मित्राच्या स्मरणार्थ चाललेल्या कार्याशी ती जोडली गेल्यामुळे कोटणीसांचे नाव आज लुधियानापर्यंतच्या दवाखान्यांवर झळकते.

अमेरिकेतील लाट १९७१ ची. पेकिंगमध्ये आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झालेल्या जेम्स रेस्टन या पत्रकाराला, त्यानंतरच्या पोटाच्या अस्वस्थतेवर कोपरात आणि गुडघ्यांखाली सुया टोचून आराम पडला, आणि त्याने तसे लिहिले. शस्त्रक्रिया नेहमीच्या बधिरता आणणाऱ्या औषधानेच झाली होती, हे त्यानेच स्पष्ट लिहिले असता अमेरिकन वाचकांनी सोयीस्करपणे उलट वाचले. मग प्रयोगशाळा जाग्या झाल्या. टोचल्याने शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्ये सोडते, आणि अफूचा उतार असलेले नॅलॉक्सोन दिले तर तो वेदनाशम मावळतो, असे १९७६-७७ मधील प्रयोगांत दिसून आले.

काशाच्या पुतळ्याला न विचारलेला प्रश्न अखेर जर्मनीत विचारला गेला. जुनी कंबरदुखी असलेल्या १,१६२ रोग्यांचे तीन गट केले. एका गटास शास्त्रोक्त जागी सुया, दुसऱ्यास भलत्याच जागी आणि वरवर, तिसऱ्यास व्यायाम-औषधे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला हिशेब असा: पहिल्यांतल्या ४७.६ टक्के, दुसऱ्यांतल्या ४४.२ टक्के आणि तिसऱ्यांतल्या २७.४ टक्के लोकांना गुण आला. हे आकडे दोन्ही पक्षांना अडचणीचे आहेत. सुई निरुपयोगी म्हणणाऱ्यांना तिसरा आकडा आडवा येतो, आणि नेमक्या छिद्रावर श्रद्धा असणाऱ्यांना दुसरा. माझ्या मते दुसऱ्याचीच अडचण अधिक, कारण वांग वेईयीच्या परीक्षेत नापास झालेला उमेदवार जर्मनीत जवळजवळ पहिल्याइतकाच यशस्वी वैद्य ठरला असता. जर्मन विमानिधींनी २००६ मध्ये कंबर आणि गुडघा यांचा खर्च पत्करला, डोकेदुखीचा नाकारला. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शक संस्थेने कंबरदुखीसाठी २००९ मध्ये शिफारस केली, २०१६ मध्ये काढून घेतली, आणि २०२१ मध्ये कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनांसाठी पुन्हा दिली. महाराष्ट्र विधिमंडळाच्या २०१५ च्या कायद्याने आपल्याकडेही सुईला परिषद आणि नोंदवही मिळाली. पायातली शक्ती जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर त्या नोंदवहीतल्या कोणाकडेही जाण्याआधी अस्थिशल्यवैद्याचा दरवाजा ठोठावावा. बाकी वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेल्या कंबरदुखीच्या मालकाने आठदहा बैठकींचा प्रयोग करून पाहावा, छातीच्या पिंजऱ्यावर खोल सुई टोचू देऊ नये, आणि सुई नवी, बंद पाकिटातली आहे ना, एवढे डोळ्यांनी पाहून घ्यावे.