पटवाऱ्याचा बस्ता आणि पायथनचे सेशन

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौसर तहसिलींत जमिनीचा कागद म्हटले की दोन नावे निघतात: खसरा आणि बी-वन. खसरा वावराच्या क्रमाने चालतो. गावाच्या नकाशावर जो तुकडा त्याचा एक नंबर, आणि त्या नंबरापुढे क्षेत्र, धारकाचे नाव, पीक, कैफियत. बी-वन म्हणजे खतौनी, आणि ती माणसाच्या नावाने चालते. एका खातेदाराची गावात जितकी वावरे, तितकी सारी त्याच्या खात्याखाली गोळा केलेली. सीमा ओलांडून महाराष्ट्रात वरूड, नरखेड किंवा सावनेरला गेले की हीच जोडी सातबारा आणि आठ-अ या नावांनी भेटते. यातली खतौनी कोणी शेतात जाऊन लिहीत नाही, ती खसऱ्यातून काढतात. पटवाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी हे काम हाताने केले: नंबरवार रकान्यांतून माणूस उभा करायचा, आणि माणसात काही बदल झाला की तो पुन्हा त्या-त्या नंबरापुढे उतरवायचा. आज पायथनमध्ये काम करणारा प्रोग्रामर ज्याला ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग, थोडक्यात ओआरएम, म्हणतो ते हेच काम आहे. त्यात अडलेल्याने पटवाऱ्याच्या बस्त्याचा, म्हणजे त्याच्या दप्तराच्या गाठोड्याचा, इतिहास वाचला तर त्याचा बराच वेळ वाचेल, असे माझे मत आहे. ते का, हे या लेखात मांडायचे आहे.

आधी संगणकाची बाजू. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी 1970 साली डेटाची सारी मांडणी तक्त्यांत करण्याचा सिद्धांत मांडला. पुढे प्रोग्राम लिहिण्याच्या भाषा वस्तूंच्या, म्हणजे ऑब्जेक्टच्या, कल्पनेवर उभ्या राहिल्या. तक्त्यात ओळी असतात, प्रोग्राममध्ये ‘शेतकरी’ नावाची वस्तू असते आणि तिच्या पोटात तिची शेते असतात. या दोहोंत भाषांतर करणारा थर म्हणजे ओआरएम. पायथनमध्ये त्याचे सर्वांत भक्कम रूप म्हणजे माइक बायर यांनी 2006 मध्ये बाहेर आणलेली एसक्यूएलअल्केमी. तिच्या मध्यभागी ‘सेशन’ असते. डेटाबेसमधून उचललेल्या वस्तू सेशन आपल्याजवळ ठेवते, त्यांत झालेले बदल लक्षात ठेवते, योग्य वेळी ते डेटाबेसकडे धाडते (याला फ्लश म्हणतात) आणि कमिट केल्यावर ते कायम होतात. बिघाड झाला की लोक भाषांतराला दोष देतात: रकाना चुकला, नाते चुकले. असे दोष असतात, पण ते पहिल्याच दिवशी दिसतात आणि दुरुस्त होतात. महिनोन्महिने छळणारे दोष वेळेचे असतात. सेशन कधी उघडले, कोणी किती वेळ उघडे ठेवले, कधी मिटले, आणि मिटल्यावर हातात उरलेल्या वस्तूवर कोणी विश्वास ठेवला, हे तपासावे लागते.

पांढुर्णा-सौसरचा मुलूख सातपुड्याच्या घाटाखालचा, नागपूरच्या मैदानाला लागून असलेला, आणि भोसल्यांच्या राज्यातला. त्या काळी गावाचा हिशोब पांड्या ठेवी आणि वसुलीची जबाबदारी पाटलावर असे. आकारणी वर्षावर्षाची होती, त्यामुळे कागदाचे आयुष्यही तेवढेच. रिचर्ड जेंकिन्स यांच्या 1827 च्या अहवालात जी व्यवस्था दिसते तीत पाटील हा जमिनीचा मालक नाही. गाव चालवणारा आणि सरकारला सारा पोचवणारा तो माणूस आहे. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, 1861 मध्ये मध्य प्रांत बनला, आणि त्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी ‘मालक’ असा रकाना आखला. रकाना आखला की त्यात कोणाचे तरी नाव भरावे लागते. बहुतेक गावांत ते पाटलाचे किंवा ठेकेदाराचे भरले गेले, आणि वसुली करणारा मालगुजार झाला. तक्त्याने वस्तुस्थिती टिपली नाही, नवी वस्तुस्थिती घडवली. ज्यांना ओआरएम नकोच वाटते आणि सरळ एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसची स्वतःची भाषा, लिहा असे जे सांगतात, त्यांना मी हे उदाहरण देईन. मधला थर काढला तरी ‘मालक कोण’ हे ठरवणे चुकत नाही, ते फक्त शंभर ठिकाणी विखुरलेल्या वाक्यांत जाते. बंदोबस्त अधिकाऱ्याच्या हातात कोणतेही यंत्र नव्हते, तरी मॅपिंग झालेच. एका बाबतीत मात्र एसक्यूएलवाल्यांचे खरे आहे: थर असला की त्याच्या खाली काय चालले आहे हे पाहायचा आळस येतो. दोनशे खातेदारांची यादी मागितली आणि प्रत्येकाची शेते वेगळ्या फेरीने आणली गेली तर एकाऐवजी दोनशे एक प्रश्न डेटाबेसकडे जातात, आणि लिहिणाऱ्याला ते कळतही नाही. पटवाऱ्याला असा आळस परवडत नव्हता. प्रत्येक नावागणिक सगळा खसरा चाळायचा तर खतौनी वर्षभरात पुरी झाली नसती. तो खसरा एकदाच उलटे आणि प्रत्येक नंबर ज्याच्या-त्याच्या खात्यात टाकत जाई.

1881 चा मध्य प्रांत जमीन महसूल कायदा आल्यानंतर नकाशा आणि खसरा दरसाल ताजा ठेवण्याची शिस्त बसत गेली. हंगामात गिरदावरी करायची, म्हणजे वावरावावरात फिरून पीक आणि कब्जा पाहायचा, ते खसऱ्यात लिहायचे, वर्षअखेर त्यावरून खतौनी तयार करायची. पुढे मध्य प्रदेशात पाच वर्षांचा एक खसरा, ‘पाँचसाला’, रूढ झाला. या रचनेतला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग कोणत्याही रकान्यात सापडत नाही, तो वेळापत्रकात आहे. कागद ठरलेल्या दिवशी उघडत होता आणि ठरलेल्या दिवशी बंद होत होता. मधल्या काळात पटवाऱ्याच्या बस्त्यात जे होते ते कच्चे. वरच्या अधिकाऱ्याने तपासून मान्य केले की पक्के. 2002 मध्ये मार्टिन फाउलर यांनी ‘युनिट ऑफ वर्क’ या नावाने जी पद्धत पुस्तकात नोंदवली आणि जिच्यावर एसक्यूएलअल्केमीचे सेशन उभे आहे, ती हीच: एका कामाचे सारे बदल एका गाठोड्यात ठेवा, आणि गाठोडे एकदम सोडा किंवा एकदम फेकून द्या. फ्लशमध्ये चूक आली तर रोलबॅक केल्याशिवाय, म्हणजे गाठोडे फेकून दिल्याशिवाय, सेशन पुढचे कोणतेही काम घेत नाही. नवख्यांना हा हट्ट वाटतो. पण अर्धे खरे आणि अर्धे खोटे असलेले गाठोडे पुढे वाहून नेण्यापेक्षा तो हट्ट बरा.

वेळेचा पहिला दोष बस्ता सुटा ठेवण्याचा, आणि सेशनच्या बाबतीत तो फार दिसतो. वेबसाइटच्या प्रत्येक विनंतीला एक सेशन उघडावे आणि उत्तर गेले की मिटावे, हा साधा नियम. तो मोडून कोणी संपूर्ण प्रोग्रामसाठी एकच सेशन ठेवते, कोणी उघडून मिटायचे विसरते. एसक्यूएलअल्केमीत डेटाबेसशी जोडण्यांचा साठा मुळात 5 चा असतो, निकडीला आणखी 10, म्हणजे एकूण 15. त्या सगळ्या अडकल्या की सोळावा मागणारा 30 सेकंद थांबतो आणि मग चूक अंगावर येते. साठ्याचा आकडा वाढवणे हा त्यावरचा सर्वांत लोकप्रिय उपाय आणि सर्वांत वाईटही. हलक्यात, म्हणजे पटवाऱ्याच्या कार्यक्षेत्रात, एकच बस्ता आहे आणि तो कोणीतरी घरी नेऊन ठेवला आहे, तर दुसरा शिवून काय साधणार?

दुसरा दोष नकलेचा. पटवाऱ्याकडून घेतलेली खसऱ्याची नक्कल त्या तारखेपुरती खरी. तिच्यावर मागचे पान उलटता येत नाही, आणि तिच्यात खाडाखोड केली तर मूळ खसरा बदलत नाही. सेशन मिटल्यावर हातात राहिलेल्या वस्तूला एसक्यूएलअल्केमी ‘डिटॅच्ड’ म्हणते. तिच्यावर आधीच वाचलेले शिल्लक असते, पण न वाचलेले काही विचारले तर ती चूक फेकते. कमिट झाल्यावर आपल्याजवळच्या वस्तू शिळ्या समजून पुढच्या वेळी नव्याने वाचायच्या, असा सेशनचा मूळ स्वभाव आहे. सोयीसाठी ही खबरदारी बंद करता येते, आणि अनेकजण करतात. काही ठिकाणी ते रास्तही असते, जसे बँकेला नुसते क्षेत्र पाहायचे असेल तर जुनी नक्कल चालते. पण त्याच नकलेवरून सौदा करू नये.

सौद्यात हा दोष उघडा पडतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे 100 रुपये आणि त्यावरच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. नोंदणी उपनिबंधकाकडे, खसरा मात्र महसूल खात्याकडे. दोन खाती, दोन वह्या, आणि दोन्ही एकाच क्षणी बदलतील अशी कोणतीही गाठ नाही. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता 1959 च्या मूळ कलम 109 ने हक्क मिळाल्यापासून सहा महिन्यांत पटवाऱ्याला कळवायला सांगितले होते. महाराष्ट्रात ज्याला फेरफार म्हणतात त्या नामांतरणाचा आदेश त्याच्याही पुढे. तोवर खसऱ्यात विकणाऱ्याचेच नाव, आणि कलम 117 म्हणते की उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानावी. या फटीत तीच जमीन दुसऱ्याला विकली गेल्याचे खटले देशभर आहेत. दोन ग्राहकांनी एकच शिळी ओळ वाचली आणि दोघांनीही तिच्यावर लिहिले, अशी संगणकातली चूक हीच. एसक्यूएलअल्केमीत त्यावर आवृत्तीचा रकाना ठेवता येतो: लिहिताना आकडा वाचतेवेळचाच नसेल तर बदल नाकारला जातो.

इथे कायद्याचा जाणकार आक्षेप घेईल. महसुली नोंदीने मालकी मिळत नाही, ती फक्त सारा कोणी भरायचा ते सांगते, असे वरिष्ठ न्यायालये वारंवार म्हणत आली आहेत. डेटाबेसमधली ओळ मात्र त्या व्यवस्थेपुरते अंतिम सत्य असते. मग तुलना लंगडी नाही का? आक्षेप वजनदार आहे, पण त्याने माझा मुद्दा बळकटच होतो. सेशनमधली वस्तू आणि डेटाबेसमधली ओळ यांचे नाते खसरा आणि मालकी यांच्यासारखेच आहे: पहिली दुसरीचा पुरावा आहे, दुसरी नव्हे. वस्तूलाच ओळ समजणारा प्रोग्रामर आणि बी-वनलाच मालकी समजणारे गिऱ्हाईक सारखेच फसतात. शिवाय कॉड यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘सामायिक’ हा शब्द आहे. अनेकांनी वाचायचा आणि काहींनी लिहायचा साठा हाच त्यांचा विषय होता, आणि गावाचा खसराही तसाच साठा आहे.

31 मार्च 1951 ला मालगुजारी संपली आणि बंदोबस्तात आखलेला तो ‘मालक’ रकानाच पुसला गेला. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि त्यातल्या पांढुर्णा-सौसरच्या मराठी बोलणाऱ्या गावांचे दप्तर हिंदी झाले. लिपी तीच, म्हणून कोणाला फारसे जाणवले नाही. पण हिंदीत ‘ळ’ नाही. काळे यांचे काले होते, धवळे यांचे धवले. कागदावर पटवारी आणि खातेदार दोघांनाही तो एकच माणूस आहे हे ठाऊक असते. युनिकोडमध्ये मात्र ‘ल’ आणि ‘ळ’ ही शेजारची पण निराळी अक्षरे आहेत, आणि संगणक नावावरून जुळवणी करू लागला की एका माणसाचे दोन होतात. सेशन ‘आयडेंटिटी मॅप’ ठेवते, म्हणजे एका ओळीची एकच वस्तू, पण ती प्राथमिक किल्लीवरून, नावावरून कधीच नाही. यामागचे शहाणपण समजायला पांढुर्ण्याचे नावच पुरे आहे. मराठीत त्यात ‘ण’ येतो, हिंदीत अनेक ठिकाणी ‘न’. गोटमारीच्या जत्रेमुळे हे गाव देशभर माहीत आहे आणि तरी त्याचे नाव दोन तऱ्हांनी लिहिले जाते, मग एखाद्या सामान्य खातेदाराचे काय?

जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याची केंद्राची योजना 1988-89 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत मध्य प्रदेशातला मुरैना होता आणि महाराष्ट्रातला वर्धा. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यात आले, आणि एकही धुरा न हलता हजारो वावरांचा जिल्हा बदलला. जिल्ह्याचे नाव प्रत्येक ओळीत लिहिलेले असेल तर अशा दिवशी हजारो ओळी बदलाव्या लागतात. तहसील एका किल्लीने जिल्ह्याशी बांधलेली असेल तर मोजक्याच. 29 फेब्रुवारी 2024 पासून राज्याच्या 55 ही जिल्ह्यांत सायबर तहसील आहे: संपूर्ण खसरा नंबराची विक्री नोंदवली गेली की नामांतरण अर्जाविना सुरू होते. उपनिबंधक आणि तहसील यांच्यामधली दीडशे वर्षांची फट त्यामुळे बरीच अरुंद झाली. नंबराचा तुकडा पाडायचा असेल, तर मात्र तेव्हा जुनीच वाट होती.

सीमेच्या दोन्ही बाजूंना ज्यांची संत्र्याची वावरे आहेत, त्यांनी इकडचा बी-वन आणि तिकडचा आठ-अ शेजारी ठेवून आपले नाव एकदा अक्षर-अक्षर वाचावे. एकीकडे ‘ळ’ आणि दुसरीकडे ‘ल’ असेल तर दुरुस्तीचा अर्ज वाटणीच्या आधी करावा, नंतर नको.