योगसंग्राम : आपल्याच भाषेतील एक शोध

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून वेरूळच्या रस्त्याला लागले की पुढे खुलताबाद व दौलताबाद येते. खुलताबादला हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांची मजार आहे. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी आपल्या राजधानीला बुऱ्हाणपूर हे नाव दिले ते याच सूफींवरून. दौलताबादेत कादरी परंपरेतील चांद बोधले यांचे स्थान आहे. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे या किल्ल्याचे किल्लेदार. तेही चांद बोधल्यांचेच शिष्य, असे परंपरा सांगते.

याच चांद बोधल्यांचे शिष्य शेख महंमद. श्रीगोंद्याचे, म्हणजे त्या वेळच्या चांभारगोंद्याचे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी त्यांना तेथे आणून मठ बांधून दिला, अशी आख्यायिका आहे. शके १५६७ मध्ये, म्हणजे इ. स. १६४५ च्या सुमारास, त्यांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ पुरा केला. जन्माने मुसलमान, परंपरा कादरी, आणि ग्रंथ मराठी ओवीत! त्यांच्या काळी फारसी ही दरबाराची भाषा होती. मानमरातब हवा असता तर ते तिकडे वळले असते. परंतु ज्या शेतकऱ्याला, कारागिराला सांगायचे होते त्याला फारसी कोठे समजत होती?

ग्रंथाच्या नावातील संग्राम कोणाशी? तलवारीचा हा संग्राम नव्हे. अहंकार, लोभ, क्रोध हे शत्रू आणि रणांगण माणसाच्या आत. शोधणारा वणवण फिरतो, आणि ज्याला शोधायचे तो त्याच्याजवळच असतो. वाचकहो, हे आपल्याला नवे का वाटावे? अल्लाह माणसाला त्याच्या मानेच्या शिरेहूनही जवळ असल्याचे सूरह काफमध्ये आलेलेच आहे. शेख महंमदांनी तोच विचार येथल्या ओवीत आणि येथल्या शब्दांत मांडला. भोंदू गुरू आणि क्षुद्र दैवतांना नवस बोलणारे यांना मात्र त्यांनी सोडले नाही. त्यांचे हे खडे बोल आजही कोणाकोणाला झोंबतील!

हा ग्रंथ अभ्यासकांपुढे आणण्याचे श्रेय वा. सी. बेंद्रे यांना आहे. शिवाजी महाराजांचे अस्सल चित्र शोधून काढणारे तेच हे संशोधक. वारकरी मंडळी शेख महंमदांना संत मानतात. आपल्या घरांत मात्र त्यांचे नाव क्वचितच निघते. श्रीगोंद्याच्या स्थानाला दर्गा म्हणावे की मंदिर, यावर अलीकडे वाद झाला; त्या वादात 'योगसंग्राम' किती जणांनी उघडून पाहिला असेल, अशी शंका येते.

"सर, मराठी ही आपली भाषा आहे का?" असे विद्यार्थी कधीकधी विचारतात. शाळेच्या ग्रंथालयात 'योगसंग्राम' नसेल तर पालकांनी तो जरूर मागवून घ्यावा. ओव्या जुन्या वळणाच्या आहेत, म्हणून मुलांना पहिला प्रसंग मोठ्याने वाचून दाखवावा. एकंदर प्रसंग अठरा आहेत.