मधुमालतीचं गोत्र

घोटीत आवणी उरकली की चिखलाने माखलेले पाय घराकडे वळतात, आणि दाराच्या कमानीवर मधुमालतीचे झुबके लोंबत असतात. संध्याकाळी उमललेलं फूल पांढरं असतं. सकाळी ते गुलाबी दिसतं आणि दोन-तीन दिवसांत लालभडक होतं. पांढरेपण रात्रीच्या लांब सोंडेच्या पतंगांसाठी, कारण मध दोन-अडीच इंची नळीच्या तळाशी असतो. रंग चढल्यावर मधमाश्या नि पाखरं येतात.

इंग्रजी पुस्तकात हनिसकल आला की अनुवादक पुष्कळदा बिनदिक्कत ‘मधुमालती’ लिहितो. हनिसकल ही लोनिसेरा. लोनित्सर या सोळाव्या शतकातल्या जर्मन वैद्याचं नाव तिला मिळालं. तिच्या जपानी जातीचं फूलही पांढऱ्याचं पिवळं होतं, एवढंच काय ते साम्य.

आपल्या वेलीचं शास्त्रीय नाव मात्र चक्क एक प्रश्न होता: ‘क्विसक्वालिस’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘कोण? कशी?’. सतराव्या शतकात अंबोन बेटावर रुम्फियस हा वनस्पतीअभ्यासक राहत होता. 1670 मध्ये त्याची दृष्टी गेली, तरी लेखन थांबलं नाही. या वेलीचं मलय नाव उदानी. ते डच कानांना ‘हुदानिग’, म्हणजे ‘कशी’, असं लागलं आणि रुम्फियसने त्याचं लॅटिन केलं, असं सांगतात. वेलही तशीच कोड्यात टाकणारी: लहानपणी झुडपासारखी सरळ उभी राहते, मग एकाएकी चढायला लागते. लिनियसने 1762 मध्ये तेच नाव कायम केलं.

मराठी नावात ‘मालती’ आहे, पण मालतीशी हिचं रक्ताचं नातं नाही. शाकुंतलातल्या मंडपाची माधवी, म्हणजे सह्याद्रीच्या रानातली हळदवेल, तीही निराळ्याच कुळातली. वनस्पतीशास्त्रज्ञांनी अलीकडे हिला ‘कॉम्ब्रेटम’ प्रजातीत बसवलं. त्या प्रजातीचं कुळ म्हणजे ऐन, अर्जुनसादडा, हिरडा, बेहड्याचं! रंगूनची म्हणून ओळखली जाणारी ही पाहुणी नावाने ज्यांची बहीण म्हणवते त्यांची कुणी नव्हे, आणि इगतपुरीच्या डोंगरावरचा हिरडा तिचा भाऊबंद. मला ही सोयरीक जास्त आवडते.

लावायची तर मुळाशी फुटलेला फुटवा घ्या, बी आपल्याकडे क्वचितच धरतं. घोटीच्या पावसात पाणी साचलं की कोवळी मुळं कुजतात, म्हणून लावा उंचवट्यावर, भरपूर उन्हात. फूल नव्या फुटीला येतं, तेव्हा बहर सरला की निर्दयपणे छाटा. हातमोजे घाला: गळलेल्या पानाचा देठ वेलीवर काटा होऊन उरतो. त्याच काट्यांनी ती वर चढते, आणि माझ्या मनगटावरचे ओरखडेही त्यांचेच.

आणि नर्सरीत हनिसकल मागितल्यावर हीच हातात ठेवली, तर वाद घालू नका. घेऊन या.